दुसरा घोट

"आज सुट्टी आहे मला. कॉफीत ते इटालियन बदामाचं घाला जरा," शिंपीणबाई म्हणाल्या. कॉफीच्या दुकानाची मालकीण, जिला सगळी गल्ली ताईच म्हणायची, तिने सवयीने फळीकडे हात नेला. बाटली उचलून पाहते तर काय, आमारेत्तो या बदामी दारूच्या जागी साधं बदामाचं सिरप!

मग आमारेत्तो कुठे होती? शेगडीपाशी. झाकण उघडं.

सकाळी फळी पुसताना बाटल्यांची अदलाबदल झाली होती. दोन्हींचा रंग मधासारखा, वासही तोच गोड बदामाचा. पण एकीत नुसती साखर, दुसरीत चांगली कडक दारू. आणि दहाच मिनिटांपूर्वी तिने त्या उघड्या बाटलीतून सढळ हाताने कॉफीत ओतलं होतं. ती कॉफी धाकट्या भावाला दिली होती.

धाकटा वायरमन होता. आज पंख्याची वायर बदलायला आला होता. दारू सोडून त्याला अकरा महिने झाले होते. त्याआधी बायको मुलीला घेऊन माहेरी गेली होती, आणि एकदा तर तो गटाराच्या कडेला सापडला होता, ताईलाच. बायको परत आली ती त्याने सोडल्यावरच.

तिने मागे वळून पाहिलं. शिडी रिकामी. कप अर्धा. मघापासून चाललेली त्याची शिट्टी कधी थांबली, तेही तिला कळलं नव्हतं. फोन लावला, तर तो शिडीखालच्या पिशवीतच वाजला.

"बाई, दुकान बघा!" एवढंच म्हणून ती ॲप्रनसकट रस्त्यावर धावली.

कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानात मालक पेपर वाचत होता. "आला होता का हो माझा भाऊ?"

"आला होता. दारात उभा राहिला, कपाटाकडे बघत. काय देऊ म्हटलं, तर काही न बोलता गेला."

"कुठे?"

"पुलाकडे."

पुलाकडे! ताई पळत सुटली. आपल्याच हातांनी आपण त्याला विष पाजलं, हे एकच डोक्यात घणासारखं वाजत होतं. पुलावर कोणी नव्हतं. खाली वाकून पाहायची तिची छाती होईना, तरी पाहिलं. पाणी संथ होतं. पलीकडच्या बारमध्ये डोकावली, तिथेही नाही. भावजयीला काय तोंड दाखवू, या विचाराने रडू फुटायच्या बेतात ती वळली, आणि न्हाव्याच्या काचेतून तिला ओळखीच्या चपलांतले पाय दिसले.

धाकटा खुर्चीत मान मागे टाकून बसला होता. गालांना फेस, गळ्यावर वस्तरा. खुर्चीच्या हातांवरची त्याची बोटं पांढरी पडली होती.

"हलू नकोस," न्हावी त्याला म्हणाला आणि ताईकडे वळला. "बसा. ठीक आहे तो." न्हाव्याने स्वतः नऊ वर्षांपूर्वी सोडली होती. पहिल्या महिन्यांत धाकट्याला त्यानेच सांभाळलं होतं.

"अरे, मी चुकले रे. बाटली..."

"माहितीये," धाकटा छताकडे बघतच म्हणाला. "पहिल्याच घोटाला कळलं."

"मग ठेवायचास ना कप!"

"दुसरा घेतला, ताई. कळूनसुद्धा घेतला. त्याचीच भीती वाटली. म्हणून इथे आलो. गळ्यावर वस्तरा असला की माणूस उठून पळत नाही."

न्हावी हसला. ताईला हसू आलं नाही. तिने नुसता त्याचा हात धरला. तो घामाने ओला होता.

संध्याकाळपर्यंत तो तिथेच बसला, गिऱ्हाइकांच्या गप्पा ऐकत. मग घरी जाऊन त्याने बायकोला सगळं स्वतः सांगितलं. ती रडली, पण घर सोडून गेली नाही. ताईने आमारेत्तो मोरीत ओतली, तर दुकानभर दोन दिवस बदाम दरवळत राहिले.

धाकटा त्यानंतर प्यायला नाही. पण रोज सकाळी ताई त्याला फोन करते. दोन रिंग होतात, तिसरी होते, आणि तो "बोल" म्हणेपर्यंत ती हातातलं काम सोडून उभी असते.