न दाबलेली कळ

मोशीतल्या शाळेत बुद्धिबळाची शेवटची फेरी होती. माझी नात मिनल जिंकली तर जिल्ह्याच्या संघात, हरली तर घरी. आम्हाला हॉलबाहेर काचेपाशी उभं केलेलं. बाहेरून कुणी नुसती खूण केली तरी पोरीचा डाव जाणार, असं पंचांनी बजावलेलं.

मिनलच्या समोर खेळणाऱ्या स्वरूपाची आई, सुमनताई, माझ्या शेजारीच. म्हणाली, "आजी, तुम्हाला कळतं का यातलं?"

"व्हय तर! मीच शिकवलंय नातीला. तुमाला क्लास लावावा लागला जणू?"

तिनं तोंड काचेकडं फिरवलं.

शिकवलं ते खरं. मिनलच्या आजोबांनी मला शिकवलं, मी हिला. भाकरी थापता थापता एकेक चाल. पण चाल करून कळ दाबली की आपली वेळ थांबते आणि समोरच्याची सुरू होते, असलं खेळाचं घड्याळ आमच्या घरी कुठलं? चाल केली, बसलो वाट बघत.

तिथंच घात झाला. मिनलनं उंट सरकवला आणि हात मांडीवर घेऊन बसली. घड्याळाची कळ दाबलीच नाही. आता वेळ तिचीच पळत होती. सात मिनिटांची पाच झाली, चार झाली. सगळ्या चाळीला एका हाकेत गप्प करणारी बाई मी, तोंडात पदर कोंबून उभी. चूक पोरीची नव्हती, माझी होती.

सुमनताईनंही पाहिलं होतं. "गप बस गं, गप बस," ती ओठातल्या ओठात लेकीला म्हणत होती.

स्वरूपा क्षणभर खाली बघत राहिली. मग तिनं हळूच बोट करून घड्याळ दाखवलं. मिनल दचकली. कळ दाबली.

आणि उरलेल्या वेळात माझ्या पोरीनं तिच्यावर मात केली.

दोघी बाहेर आल्या तशी सुमनताई हात उगारून धावली. "हातात आलेला डाव घालवलास, येडे!"

मी मध्ये शिरले. "हात खाली घे. असली लेक माझी असती तर गल्लीत साखर वाटली असती मी."

"जिंकल्यावर बोलायला काय जातं, आजी?"

खरं बोलली. मी मिनलचा हात धरला आणि निघाले.

पायऱ्या उतरताना मिनलला विचारलं, "तिच्या जागी तू असतीस, तर दाखवलं असतंस का गं?"

ती थांबली.

"माहीत न्हाई, आजी."

मग माझा हात सोडून मागं फिरली आणि रडणाऱ्या स्वरूपाला चिकटून बसली. बसची वेळ होत आली होती. मी हाक मारली नाही.