टोगा कापणारी कात्री

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे. पण कागदाची नव्हे, कापडाची! हे आधीच ठणकावून सांगते, कारण हा फरक कोणी लक्षात न घेतल्यामुळे माझ्या आयुष्याची काही वर्षे फुकट गेली.

माझा जन्म मेरठचा. त्याआधी मी एका ट्रकचा कमानपाटा होते आणि रस्त्यावरचे खड्डे सोसत होते. ट्रक भंगारात निघाला, तेव्हा एका कारागिराने ते पोलाद तापवले, ठोकले, त्याला पाणी दिले आणि माझी दोन पाती घडवली. वर पितळी मुठी बसवल्या. तिथून मी बंगळूरला, जे. पी. नगरातल्या मुकुंदरावांच्या टेलरिंगच्या दुकानात आले.

मुकुंदराव कटिंग मास्तर. घराणे मराठी, पण कित्येक पिढ्या बंगळुरातच मुरलेले. घरात मराठी, गल्लीत कानडी, आणि गिऱ्हाइकाशी त्याला जी येईल ती भाषा. बोलणे थोडे, माप अचूक. माणूस दारातून आत आला की त्याचा कुठला खांदा उतरता आहे, हे त्यांना टेप न लावता कळे. लोक म्हणत, "मास्तरांच्या कात्रीला डोळे आहेत." श्रेय मला मिळे आणि मी ते मुकाट्याने घेई. खोटे कशाला बोलू, मला ते फार आवडायचे.

आता रोमची गोष्ट सांगते. नमुने कापायला मुकुंदराव रद्दीतली मासिके आणत. एकदा कागदाची कात्री सापडेना म्हणून त्यांनी नाइलाजाने मला घेतले. बाहीचा नमुना कापता कापता मी एका चित्रापाशी पोचले आणि त्यांचा हात थांबला. प्राचीन रोममधल्या एका संगमरवरी पुतळ्याचे ते चित्र होते. अंगावर भलेमोठे वस्त्र, खांद्यापासून घोट्यापर्यंत चुण्याच चुण्या. दुसऱ्या कोणी त्या पुतळ्याचा चेहरा पाहिला असता. मुकुंदरावांनी चुण्या पाहिल्या. मग ते स्वतःशीच म्हणाले, "हे सरळ कापड नाही. गोलाईत कापलंय. सरळ कापड असं पडतच नाही."

बाही त्या दिवशी तशीच राहिली. मुकुंदरावांना रोमचा नाद लागला तो तेव्हापासून. शाळा सातवीपर्यंतच झालेली, तरी ते वाचनालयातून जाडजूड इंग्रजी पुस्तके आणून शब्दकोश लावून वाचू लागले. त्या वस्त्राला टोगा म्हणतात आणि ते अर्धगोलासारखे कापत असत, हे त्यांना एका पुस्तकात सापडले. त्यांनी मापांच्या वहीत, दोन पँटींच्या मापांमध्ये, लिहून ठेवले : "बरोबर निघाले." मग रोमनांचे रस्ते आले, पाण्याचे कालवे आले, रंगीत खड्यांच्या फरशा आल्या. राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरात भट्टीतले पावदेखील सापडले, हे त्यांनी शेजारच्या बेकरीवाल्याला इतक्यांदा सांगितले, की तो त्यांना बघून आत जाऊ लागला.

फार वर्षांपूर्वी रेल्वेच्या कामात यशवंतपूरला रोमन चांदीची नाणी सापडली होती. मुकुंदराव बायकोला, सावित्रीबाईंना, घेऊन तिथे गेले. त्या नटूनथटून निघाल्या आणि फलाटावर उभ्या राहिल्या. "इथंच!" मुकुंदराव म्हणाले. हे मी सावित्रीबाईंच्या तोंडून ऐकले, आणि पुष्कळदा ऐकले. "यांचं माहेर रोमला आहे," असे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. मुकुंदरावांचे गुडघे कुरकुरू लागले. दुकान बंद झाले आणि माझी रवानगी स्वयंपाकघराच्या खणात झाली. सून शिल्पाश्री स्वभावाने लाघवी, पण तिच्या लेखी कात्री म्हणजे कात्री. माझ्याकडून तिने दुधाची पाकिटे कापली, कुरियरचे खोके कापले, चिकटपट्टी कापली. एकदा तर नारळाच्या शेंड्या! मी मनातल्या मनात ओरडत होते. कागद आणि पुठ्ठा धारेला खातात, मित्रांनो, आणि कळतसुद्धा नाही. एके दिवशी मला जाणवले की मी आता कापत नाही, नुसती चावते.

मुकुंदराव मात्र मजेत होते. जे. पी. नगरातल्या इतिहासप्रेमींचे एक मंडळ महिन्यातून एकदा रविवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर जमे. बँकेतले, कंपन्यांतले, शिकलेसवरलेले लोक तिथे भाषणे करत. मुकुंदराव पाच वर्षे शेवटच्या खुर्चीवर बसून ऐकत आले होते. तोंड कधी उघडले नव्हते. एका रविवारी रोमन पोशाखांचा विषय निघाला. विनोदकुमार नावाचे गृहस्थ, ज्यांचा पीण्या या औद्योगिक वसाहतीत हत्यारांना धार लावण्याचा कारखाना होता, हसून म्हणाले, "टोगा म्हणजे काय हो, चादर गुंडाळली की झालं की!" सगळे हसले. आणि मुकुंदराव उभे राहिले.

"चादर नव्हे. पुढच्या बैठकीला कापून, नेसवून दाखवतो."

घरी येईपर्यंत त्यांना घाम फुटला होता. म्हणाले खरे, पण टोग्याएवढे लोकरी कापड आणायचे कुठून? घरात एकच होते. वीस वर्षांपूर्वी एका बँडपथकाच्या कोटांसाठी त्यांनी पांढरे लोकरी कापड आणले, आणि पथकच मोडले. अकरा मीटर कापड ट्रंकेत राहिले. तेव्हाच त्यांनी सावित्रीबाईंना शब्द दिला होता, की डिसेंबरच्या थंडीसाठी तुला यातून कोट शिवतो. गावाचे कपडे शिवणाऱ्या माणसाला बायकोचा कोट काही जमला नाही.

खणाशेजारच्या टेबलापाशीच हे बोलणे झाले.

"अगं, ते पांढरं कापड..."

"माझा कोट?"

सावित्रीबाईंनी भाजी निवडता निवडता त्यांच्याकडे पाहिले. "त्या लोकांसमोर उभे राहणार आहात?"

"राहीन म्हणतो."

"मग कापा. पण उरलेले कोपरे माझे."

मुकुंदरावांनी खण उघडला आणि मला बाहेर काढले. पात्यांवर चिकटपट्टीचा मळ. त्यांनी धारेवरून अंगठा फिरवला. मला शरमेने मेल्याहून मेल्यासारखे झाले. कापडाच्या काठावर त्यांनी मला जरा चालवून पाहिले, तर मी लोकर चघळत बसले. कापड एकच, काप एकच. चुकला तर टोगाही गेला, कोटही गेला आणि शेवटच्या खुर्चीवरच्या माणसाचा शब्दही गेला.

"मामंजी, माझं चुकलं हो," शिल्पाश्री ओशाळून म्हणाली. "मी हिच्यानंच पाकिटं कापत होते."

"तुला मी सांगितलं कुठं होतं?" मुकुंदराव म्हणाले.

मग त्यांनी काय करावे? मला रुमालात गुंडाळून बस पकडली आणि थेट पीण्याला विनोदकुमारांच्या कारखान्यात गेले. चादर म्हणणाऱ्याच्याच दारात! तिथे दगडी चाके गरगरत होती. अशा चाकावर पाते तापले तर पोलादाचे पाणी उतरते, मग ती कात्री कायमची गेली. विनोदकुमारांनी मला उजेडात धरले, मुठीवर झिजलेली अंगठ्याची जागा पाहिली आणि चाकाकडे जाणाऱ्या कामगाराला हाक मारली. "स्वल्प थांबा. ही मशीनवर नको."

त्यांनी खुर्ची ओढली, दगडावर तेलाचे चार थेंब टाकले आणि दोन तास आपल्या हाताने मला घासले. कारखान्याचा मालक, पण हात कारागिराचा. शेवटी माझा स्क्रू आवळून म्हणाले, "मुकुंदण्णा, टोगा काय ते मला अजून पटलं नाही. पण कात्रीवर दोष यायला नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर सतरंज्या अंथरून, दोन पन्हे जोडलेले ते कापड पसरले. काठावर मधोमध टाचणी, तिला पावणेतीन मीटर दोरी, दोरीच्या टोकाला निळा खडू. मुकुंदरावांनी अर्धगोल आखला, गुडघे धरत खाली बसले आणि मला उचलले. मी एका दमात गेले, न अडखळता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कितीतरी वर्षांनी मला माझा तो आवाज ऐकू आला. तो आनंद काय सांगू तुम्हाला!

रविवार आला. मला पिशवीतून नेऊन टेबलावर ठेवले होते. मुकुंदराव कापडाबद्दल बोलू लागले आणि चांगले बोलले. नेसायला कोण, असे विचारताच विनोदकुमार स्वतः पुढे आले. "सरी, ठीक आहे, नेसवा मला." डाव्या खांद्यावरून, पाठीवरून, उजव्या काखेखालून कापड फिरले, परत डाव्या खांद्यावर आले. सुरेख चुण्या पडल्या. विनोदकुमारांनी दोन पावले टाकली आणि सगळा टोगा घसरून पायाशी पडला. पुन्हा नेसवला, पुन्हा पडला. मागून हसण्याची खसखस सुरू झाली. मुकुंदरावांचा चेहरा पांढराफटक पडला. माझा काप चुकला की काय, म्हणून मी टेबलावर गारठले.

तेवढ्यात मास्तरांबरोबर आलेल्या सावित्रीबाई उठल्या. "अहो, सरका बाजूला. साडीला पिना लावून जन्म काढला का आम्ही?"

त्यांनी टोगा उचलला, फिरवला, कमरेपाशी थोडे कापड वर ओढून सैल सोडले. मग विनोदकुमारांचा डावा हात कोपरात वाकवून त्यावर सगळा भार ठेवला. "अण्णा, हा हात आता खाली सोडायचा नाही. पदर सांभाळायला एक हात द्यावाच लागतो."

विनोदकुमार खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले. टोगा जागचा हलला नाही. मुकुंदरावांनी खिशातून ते जुने, माझ्याच हातून अर्धे कापले गेलेले चित्र काढले. पुतळ्याचा डावा हात कोपरात तसाच वाकलेला होता.

"तीस वर्षं चुण्याच बघत बसलो," ते म्हणाले. "हाताकडं बघितलंच नाही."

टाळ्या कोणी आधी सुरू केल्या ते मला दिसले नाही. चादर म्हणणाऱ्याला मात्र वाजवता येईनात. त्यांचा एक हात अडकला होता.

त्या कोपऱ्यांचा बिनबाह्यांचा कोट डिसेंबरच्या आत शिवून झाला. सावित्रीबाईंनी तो घातला, बटणे लावली, आरशासमोर वळून पाहिले. खांदा, कंबर, उंची, सगळे जिथल्या तिथे. मुकुंदरावांनी कापताना वही उघडली नव्हती आणि टेपही लावला नव्हता, हे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक? त्यांना ते माप पाठ होते.

आता मी उरलेल्या लोकरीच्या चिंधीत गुंडाळलेली, कपाटात मानाने असते. दुधाच्या पाकिटांसाठी नवी, लाल मुठीची कात्री आली आहे. ती बिचारी तिच्या कामात सुखी आहे. मित्रांनो, तुमच्या घरच्या खणातही माझ्यासारखी कोणी गंजत पडली असेल. ती कशासाठी घडवली होती, ते घरातल्या मोठ्यांना विचारा आणि तिला तेच काम द्या. आणि कोणाला कोट शिवायचा शब्द दिला असेल, तर मास्तरांसारखी वीस वर्षे लावू नका.