तिचं बोलणं संपेपर्यंत

मैत्रेयी दुसऱ्या दिवशी दिल्लीतलं मयूर विहारचं घर सोडून कायमची पुण्याला माहेरी निघाली होती. तिच्या नवऱ्याने, केतनने, हात जोडले, तिच्या आईला मध्ये घातलं, काही उपयोग झाला नाही. बॅग भरता भरता ती एका गाजलेल्या प्रेमकादंबरीवरची जुनी मालिका बघत होती. दरवर्षी बघायची तीच.

"काय आहे गं यात एवढं?" त्याने काकुळतीला येऊन विचारलं. "सांग ना यार, मी तसा वागतो."

"कादंबरीत ती पाच पानं बोलते आणि तो ऐकतो. मालिकेत त्यातलं एक वाक्यही कापलेलं नाही. इथे माझं एकही पूर्ण होत नाही."

"अगं, पण मी..."

वाक्य अर्धंच सोडून तो तिच्यासमोर जमिनीवर बसला. तिने मालिका थांबवली. मग ती बोलत राहिली, सोडलेल्या नोकरीबद्दल, पोटातच गेलेल्या बाळाबद्दल. प्रत्येक वाक्याला त्याच्या ओठांवर उत्तर येत होतं. ते त्याने गिळलं.

शेवटी तिने डोळे पुसले.

"हे तेव्हा ऐकलं असतंस," ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

दुसऱ्या दिवशी निजामुद्दीन स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत तो तिच्या खिडकीपाशी उभा होता. तिला थांब म्हणण्याचीही त्याची हिंमत झाली नाही.