थळच्या नामाची गारठलेली गाडी

थळच्या नामाने जुनी टर्बो गाडी घेतली ती एवढ्यासाठीच, की बायकोची, म्हणजे जनीची, पापलेटं रेवसहून दोनच्या लाँचने मुंबईला जावीत. काल लाँच चुकली होती. आजही चुकली तर भाऊच्या धक्क्यावरची गिऱ्हाइकं तुटणार होती. म्हणून त्याने सकाळी अंगणातच इंजिनात पाणी नि मिथेनॉल फवारणारं किट बसवलं. आतली हवा गार झाली की गाडी जास्त पळते म्हणे.

"गार करायचीय, मग मीठ न्हाय घातलं?" जनीने विचारलं. बर्फात मीठ टाकून मासळी ताठ ठेवणारी बाई ती! तिने किटच्या टाकीत दोन ओंजळी मीठ ओतलंसुद्धा.

"अगं बाये, ही गाडी हाय, मासळीची पेटी न्हाय!"

"गप बसा नि चालवा."

मी मागेच बसलो होतो, खोटं कशाला सांगू? चोंढीपर्यंत काचांवर बर्फ धरला. रेवसला नामाने ब्रेक दाबला, तर सायलेन्सरमधून सुटलेल्या गारठ्याने मुंबईपर्यंतचं पाणी गोठलं. लाँच जेट्टीलाच चिकटली.

नामा रडकुंडीला आला. जनीने पदर खोचला, टोपली डोक्यावर घेतली आणि बर्फावरून झपाझप चालत लाँचच्या वेळेआधीच भाऊचा धक्का गाठला.

गिऱ्हाईक म्हणालं, "मावशी, आज लाँच लवकर आली वाटतं!"