कागदनगरचं मागचं दार

कागद कारखान्याची वसाहत पाडली, त्याच्या आदल्या आठवड्यात शर्वरी देवतळेने ती उचलून ढगात नेऊन ठेवली. क्वार्टर, बांबूचे ढीग, लेडीज क्लबचा मोडका झोपाळा, लगद्याचा तो कुबट वास आणि स्वयंपाकघरात उभी असलेली आई, सगळं एका भाड्याच्या यंत्रात मावलं. यंत्र नेमकं कुठे आहे हे भाडं घेणाऱ्या कंपनीलाही धड सांगता येत नव्हतं, पण त्यामुळे काही अडत नव्हतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये दुपारचं जेवण उरकलं की शर्वरी किल्ली घ्यायची, वसाहतीच्या फाटकातून आत शिरायची आणि आईच्या हातचा चहा पिऊन परत यायची. वास पदराला लागून यायचा. तिला तो अत्तरासारखा वाटायचा, शेजाऱ्यांना नाही.

पहिल्या दिवशी आईने तिला ओळखलं नव्हतं. ओळखणार कशी? आईची शर्वरी सातवीत होती आणि दारात तर केस पिकलेली बाई उभी. ओळख पटायला फार काळ गेला. मग एका दुपारी आईने कपबशी पुढे करत "घे शरू" म्हटलं, आणि शर्वरी घरी येऊन ओक्साबोक्शी रडली. बाबा गेले, हेही हळूहळू आईला पचलं. हे सगळं आईच्या मनात होतं, डिस्कवर लिहिलेलं नव्हतं. लिहायचं तर वसाहत थोडा वेळ थांबवावी लागते, आणि आईचं नेहमी काहीतरी गॅसवर असायचं. उद्या लिहू, परवा लिहू, असं चाललं होतं.

फाटकाशी मात्र परके लोक फार यायचे. कुठल्या कुठल्या देशांतून, हातात खोट्या किल्ल्यांचे जुडगे घेऊन. काही तर खुशाल "मी शर्वरी" असंही सांगायचे. शर्वरीने आईला बजावून ठेवलं होतं, "माझं नाव घेऊन कोणी आलं तरी उघडायचं नाही. मी किल्लीने येते, तेवढं लक्षात ठेव." तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी एका दुपारी तिने वसाहतीच्या आत उभं राहून चारी बाजूंनी भिंत घातली. भिंत घालण्याआधी आपण आलो ते फाटक मोकळं ठेवायचं असतं. अशीच यंत्रं सांभाळणाऱ्या आपल्या ऑफिसात नव्याने लागलेल्यांना ती हे पहिल्याच दिवशी शिकवायची, आणि घरच्या कामात नेमकं तेच विसरली. शेवटची वीट बसली आणि शर्वरी आपल्या फ्लॅटमध्ये खुर्चीवर होती, हातात बिनकामाची किल्ली. कपाळाला हात मारून तिने कंपनीला फोन लावला.

"यंत्र चालू आहे, मॅडम," कंपनीतले रणदिवे फोनवर म्हणाले. "फक्त रस्ता नाही."

"माझी आई आत आहे."

"असेल. रस्ता नसलेलं यंत्र आम्ही संध्याकाळी उचलून नेतो. आतलं सगळं जातं."

"मग मी आत कशी जाऊ?"

"मागच्या दाराने. त्याला रस्ता लागत नाही. पण तिथून चित्र येत नाही, आवाज येत नाही. नुसती अक्षरं जातात-येतात, एकेक करून."

मागचं दार तिच्या ओट्याखाली निघालं, सिलिंडरच्या शेजारी. काळं होतं, हातभर उंच. शर्वरी त्याच्यापुढे मांडी घालून बसली आणि तिने बोटाने दारावर टकटक केली. त्याबरोबर भिंतीवरच्या कॅलेंडरचा रंग गेला. मग मांडणीतले कप गेले आणि प्रत्येकाच्या जागी "कप" एवढा शब्द उरला. दारावर पांढरी अक्षरं उमटली, आईची.

"कोन?"

"शर्वरी," तिने बोटाने लिहिलं.

"खूण सांगा."

खूण कधी ठरलीच नव्हती. किल्ली असताना खूण कोण ठरवतं? तिने क्वार्टरचा नंबर लिहिला, मांजरीचं नाव लिहिलं, आई झोपवताना म्हणायची ते लाडाचं नाव लिहिलं.

"चुकलं," आई प्रत्येक वेळी म्हणाली. मागच्या दारातून आत जाणारी सगळ्यांचीच अक्षरं सारखी दिसतात. आणि आई तर शर्वरीनेच शिकवलेलं पाळत होती.

"मग एकदा बंद करून चालू करा," स्पीकरवर ठेवलेल्या फोनमधून रणदिवे म्हणाले. "चौकटीत बटण आहे. सगळे जागे व्हायच्या आत कोणी खूण विचारत नाही. तेवढ्यात जा आणि भिंत पाडा."

"आणि आईच्या मनातलं?"

"डिस्कवर आहे ते राहील."

म्हणजे पहिला दिवस राहील. पुन्हा आईपुढे परकी होऊन उभं राहायचं. पण संध्याकाळनंतर आईच राहणार नव्हती. आजूबाजूला एव्हाना फ्रिज शब्द झाला होता आणि खिडकीही. तिने उजवं बोट बटणावर ठेवलं. दाबण्याआधी या आईशी थोडं बोलून घ्यावं, म्हणून दुसऱ्या हाताने लिहिलं, "तुमची मुलगी येते ना रोज?"

"येते एक बाई. मी तुमची पोरगी, म्हनते."

"मग तुम्ही ओळखता ना तिला?"

"नाही ना बापा. माही शरू तं शाळेतून यायची हाय अजून. पन ते बाई इतक्या दुरून येते, चहा देल्ला तं डोळे भरून येते तिचे. म्हनून हो म्हनतो मी. तिले सांगू नका."

शर्वरीने ती ओळ पुन्हा वाचली. तिला फार वाईट वाटलं. आणि त्याहून जास्त आईबद्दल माया वाटली, की ती एवढा काळ एका परकीचं मन राखत होती. बटण दाबलं तर ओळख जाणार नव्हती, ती कधी नव्हतीच. पण परकीला हो म्हणणारी ही आई जाणार होती.

तेवढ्यात आत कारखान्याचा भोंगा झाला, शाळा सुटायच्या वेळेचा. एवढ्या उशिरापर्यंत शर्वरी कधी आत थांबलीच नव्हती. दारावर "भों" हे अक्षर या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबत गेलं.

"थांबा जी," आईने लिहिलं. "शरू आली वाटते."

मग दुसरी अक्षरं आली, किंचित वाकडी. "आई, मागच्या दारी कोन हाय?"

"एक बाई हाय. उघडू नको, परकी हाय."

"उन्हात उभी हाय?"

"हो ना," आईने लिहिलं. जरा थांबून पुन्हा लिहिलं, "मंग पानी तं दे तिले."

वसाहतीत उन्हाळ्याच्या दिवसांत दारी आलेल्याला, मग तो वाट चुकलेला का असेना, पाणी पाजल्याशिवाय कोणी पाठवत नसे. आणि पाण्यासाठी दार उघडणं हे दार उघडण्यात धरत नसत.

कडी निघाली. आवाज आला, खराखुरा.

दार चार बोटं किलकिलं झालं आणि त्यातून एक लहान हात बाहेर आला. तळव्यावर शाई सांडलेली, हातात स्टीलचा पेला. शब्द होऊन गेलेल्या त्या खोलीत तेवढ्यालाच रंग होता. शर्वरीने घ्यायला डावा हात पुढे केला, पण तो खांद्यापर्यंत "हात" झाला होता. खरा हात आता एकच उरला होता, बटणावरचा; तो उचलला तरच पेला घेता येणार होता.

"मॅडम, संध्याकाळ झाली," रणदिवे म्हणाले. "दाबताय ना?"

पेला काठोकाठ भरलेला होता, आणि तो धरणारं मनगट ओझ्याने खाली झुकायला लागलं होतं.