शनिवारचं तेल

बँकेतून निवृत्त झाल्यावर अनिल शेवडे तीन महिने अमेरिकेत लेकाकडे राहून आले, आणि माणूस कामातून गेला. सुमीतचं घर बाहेरून लाकडी फळ्यांचं. झालं! माधव नगरातल्या चांगल्या विटांच्या घराला यांनी समोरून देवदाराच्या फळ्या ठोकून घेतल्या. बायको नंदाताई म्हणाल्या, "अहो, स्वयंपाकघरामागच्या भिंतीला ओल येतेय, तिचं आधी बघा." पण मागची भिंत रस्त्यावरून दिसते थोडीच!

बरं, उज्जैनचं ऊन काही अमेरिकेत शिकून आलेलं नाही. मे महिन्यात फळ्या तडकल्या, पावसाळ्यात फुगल्या. सुमीत फोनवर म्हणाला, बाबा, लाकडाला तेल पाजावं लागतं. तेव्हापासून दर शनिवारी अंघोळ करून अनिलराव अळशीच्या तेलाचा डबा घेऊन भिंतीपुढे उभे. तेही अनवाणी, कारण चपला अमेरिकेच्या, त्यांवर तेल सांडलं तर? आणि शनिवारच का, तर रविवारी टावर चौकात पोहे खायला जायचं असतं.

शनिवार, अनवाणी पाय आणि तेल. उज्जैनच्या माणसाला आणखी काय हवं? फाटकाजवळच्या फळीत एक काळी गाठ होती. एक दिवस तिच्यावर मोहरीच्या तेलाचे ओघळ दिसले, वर काळे तीळ चिकटलेले. अनिलरावांनी तेल वाहणाऱ्या बाईंना पकडलं. "अहो बहनजी, ये अमेरिकन स्टाइल है!"

"हौ भाईसाब," बाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "शनि महाराज तो सब जगह हैं."

मग अनिलरावांनी पाटी लावली, 'यहाँ तेल न चढ़ाएँ'. ती वाचून लोकांची खात्रीच पटली. पाटी लावायची वेळ आली, म्हणजे स्थान जागृत असणार! गर्दी दुप्पट झाली.

अनिलराव रडकुंडीला आले, कारण डिसेंबरात सुमीत येणार होता. फळ्यांपुढे उभं राहून लेकानं एकदा म्हणावं, "बाबा, अगदी आमच्यासारखं!" एवढ्या एका वाक्यासाठी या माणसानं दोन वर्षं लाकडाची मालिश केली होती. बायकोच्या दुखऱ्या गुडघ्यांच्या वाट्याला त्यातला थेंब आला नाही, ते सोडा.

सुमीत आला, तोही नेमका शनिवारी सकाळी. फाटकाशी रांग बघून त्यानं मुकाट बूट काढले. "बाबा, देऊळ कधी झालं?"

"देऊळ कसलं! फळ्या बघ, फळ्या! तुझ्या घरासारख्याच आहेत की नाही?"

"आमच्या? त्या काढून टाकल्या की मागच्याच वर्षी. कोण तेल पाजत बसणार! आता प्लास्टिकच्या आहेत. दिसतात लाकडासारख्याच."

अनिलराव डबा हातात धरून तसेच उभे राहिले. समोरच्या साऱ्या फळ्यांना भेगा होत्या, आणि धड राहिली होती फक्त फाटकाजवळची, लोकांनी तेल पाजलेली. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी त्यांच्या अनवाणी पायांना हात लावून म्हणाली, "पंडितजी, साढ़ेसाती कब उतरेगी?"

दारातून नंदाताईच बोलल्या, "आपकी तो पता नहीं अम्मा, इनकी अभी-अभी उतरी है."

मग त्यांनी नवऱ्याच्या हातातला डबा काढून घेतला. "चला, आता मागची भिंत बघायला."