घरातले दोन पायलट

चुडाव्यात कुणी 'पायलटचं घर कुठं' म्हणून विचारलं की लोक बन्सीधरांच्या दाराकडं बोट दाखवायचे. आठ वर्षं ते बोट महारुद्रासाठी होतं. महारुद्र बन्सीधरांचा थोरला मुलगा, पूर्णेला रेल्वेत लोको पायलट. मालगाडी चालवायचा, बायको प्रियंकासोबत रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचा आणि सुट्टी मिळाली की मोटारसायकलवर गावी यायचा. चहाच्या टपरीवर 'या पायलटसाहेब' म्हणून त्याला जागा करून द्यायचे. ते त्याला आवडायचं.

गेल्या दिवाळीला त्याची धाकटी बहीण राजनंदिनी विमान चालवायचं लायसन घेऊन घरी आली. फाट्यावर तिचा फ्लेक्स लागला. पांढरा शर्ट, खांद्यावर सोनेरी पट्ट्या आणि नावाआधी ठळक अक्षरात 'पायलट'. दुसऱ्याच दिवशी टपरीवाला चंद्रभान त्याला म्हणाला, "ये रे महारुद्रा, बस. पायलट कवा निघायलीय परत?"

महारुद्रानं चहा अर्धाच प्यायला.

खरं तर तिला त्या वाटेला त्यानंच लावलं होतं. सरकारी विमान प्रशिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात त्यानं पेपरातून फाडून आणली होती. परीक्षेला सोडायला रजा टाकली होती. तिचा नंबर लागेल असं तेव्हा त्याला वाटलं नव्हतं. बारावीला गणितात त्याला तिच्यापेक्षा अकरा मार्क जास्त होते. पण तो एकोणीस वर्षांचा असताना बन्सीधरांचा, त्याच्या आबांचा, उजवा हात मळणीयंत्रात गेला, आणि त्यानं आयटीआय करून मिळाली ती पहिली नोकरी धरली. त्याच्यासाठी कुणी कसली जाहिरात फाडून आणली नव्हती. हे तो कुणाला बोलला नाही, पण ते त्याच्या मनातून जातही नव्हतं.

फेब्रुवारीत राजनंदिनीला एकाच आठवड्यात दोन विमान कंपन्यांची पत्रं आली. स्कायलार्क नावाची कंपनी तिला सत्तर माणसांच्या, पंख्याच्या विमानावर घेत होती, मुक्काम हैदराबादला. दुसरी मेरिडियन. तिची विमानं मोठी, जेट; मुक्काम दिल्लीला आणि पुढं परदेशाच्या फेऱ्या. एकीला होकार दिला की दुसरीकडं जाता येणार नव्हतं. सोमवारी दुपारी बारापर्यंत दोघींना कळवायचं होतं.

शनिवारी संध्याकाळी घरचे अंगणात बसले. महारुद्रही सुट्टीला आला होता.

"मोठं इमान सोडून पंख्याचं कशापायी घ्यायचं?" बन्सीधर म्हणाले.

"हैदराबाद जवळ पडतंय," आई कडूबाई म्हणाली. "कवाबी गाडीत बसलं की पोरीला भेटून येता येतंय."

राजनंदिनीनं दोघांचं ऐकून घेतलं आणि भावाकडं वळली. "छोट्या इमानात दिवसाला चार-चार येळा उतरायचं असतंय दादा. हात लवकर बसतो. पण जेट ते जेटच. बरं, मेरिडियनवाले पोरायला पत्र देऊन नुसतं बसवून ठेवायलेत, असं बी ऐकायलेय मी. पत्रात तर दोन म्हैन्यांत रुजू व्हा म्हनलंय. तुझ्या योगीराजचा भाचा तिथंच लागलाय ना? त्याचं कसं काय हाय?"

योगीराज महारुद्राच्या गाडीवरचा गार्ड. दोनच महिन्यांपूर्वी रनिंग रूममध्ये, म्हणजे ड्रायव्हर-गार्डांच्या विश्रांतीच्या खोलीत, जेवताना त्यानं भाच्याचं सगळं सांगितलं होतं. मेरिडियनचं पत्र येऊन तेव्हाच चौदा महिने झाले होते, पोरगं वसमतला घरी बसून आहे. बोलावणं नाही, आणि सही करून दिल्यामुळं दुसरीकडं जाता येत नाही. हात बसलेला असतो तो घरी बसून निघून चालला, असं योगीराज म्हणाला होता. महारुद्राला त्यातला शब्द न् शब्द आठवत होता.

"मजेत हाय की," तो म्हणाला. "दिल्लीलाच असतंय."

"मंग मोठंच घेऊ?"

"मोठंच घे. छोट्यात काय हाय?"

तिनं मान हलवली. तिच्या डोक्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसलं. महारुद्र जेवायला बसला आणि एरवीपेक्षा एक भाकरी जास्त जेवला. पुढचं वर्षभर ती याच अंगणात बसलेली त्याच्या डोळ्यांपुढं आली. चंद्रभान तिला विचारतोय, कवा निघायलीस बाई, आणि तिला उत्तर देता येत नाहीये. ते चित्र त्यानं मनात दोनदा फिरवून बघितलं. त्याला बरं वाटलं.

रविवारी तो पूर्णेला परतला. प्रियंका म्हणाली, "आबांचा फोन आला होता. गावात सांगायलेत, पोरीचं महारुद्रानंच ठरवलं, त्यातला जाणता तोच हाय म्हनून. लय खूश होते." महारुद्र नुसतं हं म्हणाला आणि डबा धुवायला गेला. डबा धुतलेलाच होता.

सोमवारी सकाळी त्यानं कंटेनरची गाडी घेऊन पूर्णा सोडली. इंजिनात मोबाइल बंद करून बॅगेत ठेवायचा नियम होता, तसा तो ठेवला. डाव्या बाजूला सहायक सुग्रीव बसला होता. दोघांचं काम ठरलेलं. सिग्नल दिसला की सुग्रीवनं त्याचा रंग मोठ्यानं सांगायचा, महारुद्रानं स्वतः बघून तो परत म्हणायचा. एकानं चुकीचं बघितलं तर दुसऱ्यानं धरायचं.

"डिस्टंट, पिवळा," सुग्रीव म्हणाला. म्हणजे स्टेशनाआधीच्या लांबच्या सिग्नलला पिवळा, पुढं थांबायच्या तयारीनं चला.

"डिस्टंट, पिवळा," महारुद्र म्हणाला. हजारो वेळा त्यानं सिग्नल म्हटले होते. पिवळ्याला हिरवा म्हणावं असं कधी त्याच्या मनातही आलं नव्हतं. परवा विचारणाऱ्या बहिणीला त्यानं समोर बसून हिरवा सांगितला होता.

चुडावा स्टेशनात गाडी लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतली. मागून येणारी एक्स्प्रेस पुढं काढायची होती. दहा पस्तीस झाले होते. घर स्टेशनापासून दोन किलोमीटर, आणि त्याला इंजिन सोडता येत नव्हतं. त्यानं वॉकीटॉकी उचलला. त्यावर घरचं बोलायचं नसतं, तरी स्टेशनमास्तर तात्यारावांना तो म्हणाला, "साहेब, माझ्या घरी फोन लावा. बहिणीला म्हणावं मेल टाकू नको. आत्ता स्टेशनवर ये."

"काय झालं? सगळं ठीक हाय ना?"

"ठीक हाय. तेवढं सांगा."

सुग्रीव त्याच्याकडं बघत राहिला.

पंधरा मिनिटांनी राजनंदिनी स्कूटीवर आली. केस ओले, ओढणी उलटसुलट. ती फलाटावरून इंजिनाजवळ आली. महारुद्र दारातल्या शिडीच्या दोन पायऱ्या उतरून, दांडा धरून थांबला.

"मेल टाकला का?"

"लिहून ठेवलाय. न्हायला गेले म्हनून राहिला. काय झालं दादा?"

"योगीराजचा भाचा दिल्लीला न्हाई. वसमतला घरी बसलाय. सोळा म्हैने झाले."

"तुला कवा कळलं?"

"दोन म्हैने झाले."

"मंग परवा इसरला होतास?"

हो म्हणायला काहीच लागत नव्हतं. तिनंच वाट करून दिली होती. सुग्रीव आत बसून ऐकत होता.

"न्हाई," महारुद्र म्हणाला. "ध्यानात होतं."

तेवढ्यात पलीकडच्या रुळावरून एक्स्प्रेस आली आणि धडधडत निघून गेली. ती जाईपर्यंत दोघांना बोलता आलं नाही. राजनंदिनीनं ओढणी हातात घट्ट धरली होती आणि ती त्याच्याकडंच बघत होती.

"का पन?" तिनं विचारलं.

"लोक तुला पायलट म्हनायलेत." बोलल्यावर ते त्यालाच इतकं लहान वाटलं की त्यानं मान खाली घातली. "मला बघवंना गेलं."

"माझं अख्खं वरीस गेलं असतं दादा."

"व्हय."

"लायसन घरी पडून राह्यलं असतं."

"माहीत हाय."

तिचे डोळे भरले, पण आवाज हलला नाही. "जळायचं तर जळ. माझी काय ना न्हाई. पन तोंडावर सांगून जळ. मी तुला इचारलं होतं."

आतून सुग्रीवनं निघायच्या सिग्नलचा रंग सांगितला, "स्टार्टर, हिरवा."

महारुद्रानं वर वळून बघितलं. "स्टार्टर, हिरवा," तो म्हणाला आणि आत चढला. गाडी हलली. मागं बघितलं तेव्हा ती फलाटावर उभी राहून मोबाइलवर काहीतरी लिहीत होती.

तिनं स्कायलार्कला होकार दिला. घरी कारण सांगितलं नाही. मीच बदललं, एवढंच म्हणाली. बन्सीधर खट्टू झाले. पुढच्या सुट्टीला महारुद्रानं त्यांना बाजूला बसवून सगळं सांगितलं. ते बराच वेळ डाव्या हातानं गुडघा चोळत राहिले.

"माझा हात गेला नसता तर तू बी..." ते म्हणाले.

"त्याच्यावर घालू नका आबा. केलं ते मी केलं."

राजनंदिनी हैदराबादला गेली. फोन करायची तो आईला किंवा प्रियंकाला. महारुद्र शेजारी असला तर 'दादा बरा हाय ना' विचारायची, पण त्याला फोन द्या म्हणत नव्हती. पहिल्या फेरीचा फोटो तिनं घरच्या ग्रुपवर टाकला. त्यानं तो बोटांनी मोठा करून तिच्यासमोरचे काटे आणि बटणं एकेक करून बघितली, आणि ते जळणं तसंच होतं. कबूल केलं म्हणजे जाईल असं त्याला वाटलं होतं. गेलं नव्हतं.

सव्वा वर्षानं एका दुपारी तिचा फोन थेट त्याला आला.

"दादा, कंपनी जेट इमानं घ्यायलीय. ह्याच छोट्या इमानावर राहून कॅप्टनच्या परीक्षेची तयारी कर, न्हाई तर जेटवर नव्यानं सुरू कर, असं म्हनायलेत. काय करू?"

महारुद्र क्वार्टरच्या पायरीवर बसला. "आदी एक सांगतो. तू कॅप्टन म्हनलीस ना, तवा माझ्या पोटात लय जळजळ झाली. ते धरून माझं ऐक."

पलीकडं ती थोडी हसल्यासारखी वाटली. "बरं. धरलं."

"तुमच्यातल्या कुना मोठ्या कॅप्टनला इचार ना."

"इचारलंय. आता तुला इचारायलेय."

त्यानं पाय पसरले आणि फोन दुसऱ्या कानाला लावला. "मंग दोन्हींतला फरक मला नीट सांग. मला त्यातलं काय बी कळत न्हाई. पैल्यापासून सांग."

ती सांगू लागली. त्यानं मध्येच दोन-तीन प्रश्न विचारले. प्रियंकानं दारातून चहा झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यानं हातानंच थांब म्हटलं.